सतरावं नाव

रविवारी सकाळचा चहा झाला की मी माझ्या खोलीत जाऊन डॉस सुरू करतो. बायको त्याला 'गेले काळ्या पडद्याआड' असं म्हणते, आणि फोनवर मुलीलाही तेच सांगते, म्हणजे मी जणू वारलोच. लॅपटॉप नवा आहे, मुलीनं दिलेला. त्याच्या पोटात मी एक जुना, डॉसवर चालणारा संगणक खोटाखोटा उभा केलाय. बटण दाबलं की काळा पडदा, कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी छोटी आडवी रेघ. ती रेघ काही सुचवत नाही, काही विकत नाही, सारखी परवानगी मागत नाही. सांगाल ते करते आणि परत गप उभी राहते. असा नोकर मला उभ्या आयुष्यात मिळाला नाही. असा नवरा आपल्याला मिळाला नाही, असं बायकोचं म्हणणं.

कामं तशी फुटकळ. दोघांच्या गोळ्यांच्या वेळा, रक्तदाबाचे आकडे, गॅसची नळी कधी बदलली, हे सगळं मी तीस वर्षांपूर्वीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये टिपून ठेवतो. मग दोन माकडं इमारतींच्या गच्चीवरून एकमेकांना केळी फेकून मारतात तो खेळ खेळतो. आणि मग खरी मजा. बेसिक उघडायचं, निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत वीस-पंचवीस ओळींचा एखादा प्रोग्रॅम लिहायचा. लिहिला, चालवला, चुकला, दुरुस्त केला, परत चालवला. एका बैठकीत गोष्टीची सुरुवातही दिसते आणि शेवटही. पाणीपुरवठा खात्याच्या संगणक विभागात मी एकतीस वर्षं काढली, तिथं कुठल्याच कामाचा शेवट म्हणून दिसला नाही.

ह्या नादाच्या लोकांचा इंटरनेटवर आमचा एक गट आहे. चाळीसेक जण असतील. कुणी अजून डॉसवर पुस्तक लिहितो, कुणी बुरशी धरलेल्या फ्लॉप्या पुसून त्यांतलं वाचवतो. खऱ्या नावानं तिथं कुणी वावरत नाही. माझं नाव पाणक्या. एक 'खारूताई' आहे, तिशीच्या आतली मुलगी, डॉसच्या ऐन भरात जन्मलीही नसेल. पण दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली खोट काढण्यात तिचा हात धरणारा गटात कुणी नाही. मला ती काका म्हणते आणि माझ्या चुका काढते, म्हणून मला ती आवडते. म्हणजे आवडायची. आताही आवडतेच, पण तिचा निरोप आला की मी तो लगेच उघडत नाही.

गेल्या महिन्यात गटात ठरलं की प्रत्येकानं आपला असा एक जुना प्रोग्रॅम बाहेर काढायचा, जो खऱ्या माणसांनी खऱ्या कामासाठी वापरला. माझ्याकडे एकच होता, पण फक्कड होता. त्याचं नाव 'सोडत'.

बायको तेव्हा सरकारी इस्पितळात नर्स होती. इस्पितळाचा एक छोटा दवाखाना समोरच्या बेटावर होता. बोट आठवड्यातून दोनदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर. दरवर्षी एका नर्सला चार महिने तिथं जाऊन राहावं लागे आणि जायला कुणीच राजी नसे, कारण प्रत्येकीच्या घरी कुणी रांगणारं होतं नाहीतर कुणी अंथरुणाला खिळलेलं. मेट्रनबाई पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून एक उचलायच्या. मग महिनाभर कुजबुज चाले. चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता, बाईंनी डबा हलवलाच नाही, त्यांच्या मर्जीतलीचं नाव डब्यात होतं तरी का. घरी जेवताना रोज हेच ऐकून मी वैतागलो आणि म्हटलं, ह्यांना यंत्र देऊ. यंत्राला ना ओळख ना वशिला.

दोन रविवार बसून मी 'सोडत' लिहिला. नर्सची नावं हजेरीपटाच्या क्रमानं भरायची आणि एक कळ दाबायची. पडद्यावर नावं भराभर धावायची, हळूहळू मंदावायची आणि एकावर थांबायची. तीनदा टुणटुण वाजायचं. खाली ठळक चौकटीत मी माझं नावही टाकलं होतं, न सांगता कुणाला कळलं नाही तर, म्हणून.

नावं भरायचं आणि कळ दाबायचं काम मेट्रनबाईंच्या कचेरीतल्या टायपिस्टकडे आलं. ती बायकोची जिवाभावाची मैत्रीण. टाइप करण्याचा तिचा वेग असा, की बायकोनं तिचं नाव 'टकटक' पाडलं आणि पुढे सगळं इस्पितळ तिला त्याच नावानं हाक मारू लागलं. दोघी एका डब्यात जेवायच्या. आमची मुलगी झाली तेव्हा ही बाई दोन महिने रोज संध्याकाळी कामावरून थेट आमच्याकडे यायची, मुलीला मांडीवर घ्यायची आणि बायकोला म्हणायची, "तू झोप तासभर, मी आहे." मला भावजी म्हणायची आणि माझ्या संगणकाला तुमची दुसरी बायको.

पहिल्या वर्षी सोडतीत बायकोचंच नाव निघालं. सगळ्याजणी हसल्या, बायकोही हसली. लिहिणाऱ्याच्याच घरी धोंडा पडला म्हणजे यंत्र सचोटीचं, अशी सगळ्यांची खात्री पटली. माझी छाती दोन बोटं फुगली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच कुणाचं नाव आलं. तिसऱ्या वर्षी परत बायकोचं.

तिसऱ्या वर्षी पेटी भरता भरता ती म्हणाली, "माझंच कसं येतं हो?"

मी पलंगावर मांडी घालून बसलो आणि तिला शिकवू लागलो. अगं, नाण्याला आठवण नसते. मागच्या वेळी छापा पडला होता हे त्याला ठाऊकच नसतं. प्रत्येक सोडत नवी कोरी. कागदावर आकडेमोड करून दाखवली. ती मोज्यांच्या जोड्या लावत ऐकत होती. शेवटी "बरं" म्हणाली आणि पेटीची कडी लावली. आपण किती सोपं करून सांगितलं याचंच मला कौतुक वाटत राहिलं.

चौथ्या वर्षी परत तिचं नाव आलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला दमा होता. बायको घरी आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन बघा ना मशीन. काही बिघडलंय का ते तरी बघा."

एवढंच मागितलं होतं तिनं. इस्पितळ घरापासून पंधरा मिनिटांवर होतं. पण माझं टाळकं सरकलं. प्रोग्रॅम काय लाकडाचा आहे का वाळवी लागायला, असं मी म्हणालो. हजार वेळा तपासलाय, म्हणालो. आणि मग ते वाक्य. "प्रोग्रॅम चुकणं शक्यच नाही. आता यादीतच कुणी हात घालत असेल, तर ते मला माहीत नाही."

यादी टाइप करणारी एकच होती. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. नाव न घेता बोलण्यात मी पटाईत होतो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं टकटकला पंधरा-वीस जणींदेखत विचारलं, "तू हात घातलास का त्यात?" आणि टकटक काही बोलली नाही. खाली बघत उभी राहिली, मग रडत कचेरीत निघून गेली. नाही म्हणाली असती तर बायकोनं विश्वास ठेवला असता. तिनं नाही म्हटलंच नाही. घरी येऊन बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं.

बायको बेटावर गेली. त्या चार महिन्यांत मुलगी अकरा दिवस इस्पितळात होती, आणि नेमका समुद्र खवळलेला, बोट बंद. मुलीच्या उशाशी माझी बहीण बसली. पुढे कितीतरी वर्षं मुलगी ताप आला की आईला नाही, आत्याला हाक मारायची. टकटकनं दोन महिन्यांत बदली मागून घेतली. पाचव्या वर्षी नवी टायपिस्ट होती, आणि नाव भलत्याच कुणाचं निघालं. बायको म्हणाली, "बघितलंत? ती गेली आणि माझं नाव यायचं थांबलं." याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? पुढे नव्या मेट्रननं पाळीपाळीनं जायचा नियम केला आणि 'सोडत' बंद पडला. बत्तीस वर्षांत आमच्या घरात टकटकचं नाव निघालं नाही. चुकून निघालं तर बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तर हा माझा फक्कड प्रोग्रॅम. माळ्यावरच्या खोक्यातून फ्लॉपी काढली, चालते का बघितली, चालली. चौथ्या वर्षीची यादीसुद्धा तिच्यात तशीच होती. कळ दाबली. नावं धावली, मंदावली, बायकोच्या नावावर थांबली. मला हसू आलं. म्हटलं, बघा, अजून हिचंच. नावांच्या जागी एक ते चोवीस आकडे घातले, चार ओळींची प्रस्तावना लिहिली, तिच्यात 'निःपक्षपाती' हा शब्द दोनदा वापरला आणि गटात टाकून दिलं.

दुपारी खारूताईचा निरोप आला. "पाणक्याकाका, प्रोग्रॅम गोड आहे, टुणटुण तर फारच आवडलं. पण मी पाच वेळा बंद करून सुरू केला आणि पाचही वेळा सतराच आला. मुद्दाम केलंय का? काही गंमत आहे का?"

मी प्रोग्रॅम उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही.

संगणकाला मनानं काही सुचत नाही. त्याच्याकडे आकड्यांची एक लांबलचक ठरलेली माळ असते, 'कुठलाही एक आकडा दे' म्हटलं की तो त्या माळेतला पुढचा मणी देतो. माळ कुठून ओढायला घ्यायची हे घड्याळ बघून ठरव, असं त्याला एका ओळीत सांगावं लागतं. ती ओळ नसेल तर प्रोग्रॅम जितक्या वेळा सुरू कराल तितक्या वेळा तो पहिल्या मण्यापासून सुरुवात करतो. बेसिक शिकणाऱ्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी लिहायला विसरलो होतो.

आणि हजार वेळा तपासलं होतं ते कसं? एकदा सुरू करून, एका दमात हजार सोडती काढून. प्रत्येक नाव जवळजवळ सारख्या वेळा आलं होतं, मी खूश होऊन उठलो होतो. इस्पितळात तो वर्षातून एकदा कोरा सुरू व्हायचा आणि एकच सोडत काढायचा. त्या हजारातली नेहमी पहिलीच. पहिला मणी असा, की यादी तेवीस किंवा चोवीस नावांची असली तर सतरावं नाव निघतं. पंचवीस झाली की अठरावं, सव्वीस झाली की एकोणिसावं. दुसऱ्या वर्षी पंचवीस नर्स होत्या, पाचव्या वर्षी सव्वीस. बाकीच्या सगळ्या वर्षांत चोवीस, आणि हजेरीपटावर बायको सतरावी. टकटक गेली म्हणून नाही, दोन जागा वाढल्या म्हणून तिचं नाव यायचं थांबलं.

माकडांच्या खेळातसुद्धा ती ओळ आहे. मी तो खेळ उघडून कितीतरी वेळा वाचलाय. माकडांच्या बाबतीत कुणीतरी काळजी घेतली होती.

खारूताईला मी लिहिलं, "हो, गंमतच आहे." आणि लॅपटॉप मिटला.

मग आठ दिवस मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी स्वतःची वकिली केली. चूक जाणूनबुजून केली नव्हती. बत्तीस वर्षं झाली. मुलगी आता स्वतः डॉक्टर आहे, आईशी तिचं चांगलं जमतं. बायकोला आता सांगून तिच्या जिवाला ताप कशाला? टकटक कुठं आहे कुणास ठाऊक, आहे की नाही तेही ठाऊक नाही. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी मी त्या दारात उभा असायचो, आणि बायको चप्पल घालून समोर, आणि माझं तोंड उघडायचं आणि तेच वाक्य बाहेर पडायचं. राहिलेली ओळ ही चूक होती. ते वाक्य ही चूक नव्हती. माझ्या चौकटीतल्या नावाला डाग लागू नये म्हणून मी एका बाईवर बोट दाखवलं होतं, तेही सरळ नाही, आडून.

रविवारी मी काळ्या पडद्याआड गेलोच नाही. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." तिनं कपाळाला हात लावून बघितला. नर्सची सवय. तो हात मला सहन झाला नाही.

सोमवारी दुपारी ती खिडकीशी बसून चादरीची उसवलेली कड शिवत होती. मी समोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. माळ, मणी, चोवीस, पंचवीस, राहून गेलेली ओळ. ती शिवत होती. मधे एकदा सुईत दोरा ओवायला थांबली, तेव्हा मीही थांबलो, आणि तिनं ओवून झाल्यावर "पुढे?" म्हटलं. माझं सांगून संपल्यावर तिनं आणखी चार-पाच टाके घातले.

"म्हणजे मशीनच चुकलं होतं," ती म्हणाली.

"मशीन नाही. मी."

"मी तुम्हाला येऊन बघा म्हटलं होतं."

"हो."

"पंधरा मिनिटं लागली असती."

"पाच. तिथं पोचल्यावर पाच."

तिनं दोरा दातानं तोडला. "बेटाचं मी कधीच सोडून दिलं. कुणीतरी जायचंच होतं. मुलीचंही... ते मी माझं माझं गिळलं. पण यादीत कुणी हात घालत असेल, हे तुम्ही म्हणाला होतात. का म्हणालात?"

मी म्हटलं, "मला माझा प्रोग्रॅम चुकलेला चालणार नव्हता."

"आणि मी तिला सगळ्यांसमोर..." ती थांबली. चादरीची घडी घातली, उलटी पडली म्हणून परत उलगडली आणि परत घातली. मग म्हणाली, "हे तुम्ही तिला सांगितलंत?"

"आधी तुला सांगावं म्हटलं."

"मी काय, घरातच आहे. तिला सांगा. मी येते बरोबर, पण बोलायचं तुम्ही. मी एक शब्द बोलणार नाही."

टकटकचा पत्ता शोधायला बायकोला चार फोन लागले. बत्तीस वर्षं ती आमच्यापासून दोन बसच्या अंतरावर राहत होती. बायकोनं फोनवर फक्त "आम्ही दोघं येतोय" एवढंच सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला सांगितलं नाही. बुधवारी सकाळी आम्ही निघालो. बसमध्ये बायको खिडकीशी बसली आणि पूर्ण वेळ बाहेर बघत राहिली. मी मांडीवर लॅपटॉप धरून बसलो होतो, पुरावा म्हणून. वाटेत दोनदा मनात आलं की उतरून जावं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार टकटकनंच उघडलं. केस पांढरे, अंगानं निम्मी झालेली, पण पाठ अजून टाइपरायटरपुढे बसल्यासारखी ताठ. तिनं आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "या भावजी." बत्तीस वर्षांनी तोच शब्द. मला वाटलं होतं ती दार लावेल. तेच बरं झालं असतं.

खोली लहान आणि अतिशय नीट होती. एक खुर्ची, एक पलंग, भिंतीला लागून टेबल. तिनं खुर्ची मला दिली आणि बायकोला पलंगावर बसवलं. स्वतः उभीच राहिली, टेबलाला टेकून. मी लॅपटॉप उघडायला लागलो तर म्हणाली, "ते राहू द्या. काय ते तोंडानं सांगा."

मी तोंडानं सांगितलं. दोनदा सांगून झालं होतं, एकदा मनाशी आणि एकदा बायकोला, तरी जीभ अडखळत होती. कुणाचाही हात नव्हता, म्हटलं. यादी बरोबर होती. चूक माझी होती आणि आळ मी तुमच्यावर आणला.

ती म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"म्हणजे कळ कुणीही दाबली असती तरी?"

"तरी."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा. बंद करून परत सुरू केला तरी तेच नाव."

ती टेबलाची कड धरून हळूच पलंगावर बसली, बायकोपासून हातभर अंतरावर. बायको म्हणाली होती की एक शब्द बोलणार नाही. पण तिला राहवलं नाही.

"तू तेव्हा 'नाही' का म्हणाली नाहीस गं?"

"काय म्हणणार?" टकटक म्हणाली. "तू विचारलंस, हात घातलास का. मी घातला होता."

बायको तिच्याकडे वळून बसली.

"त्या वर्षी पोरीला दमा होता ना तुझ्या. मला धीरच धरवेना. सोडत दहाला होती, मी साडेआठलाच आले. कचेरीत कुणी नव्हतं. म्हटलं, एकदा चालवून बघू. आलं तुझं नाव. म्हटलं, बरं झालं, वाईट ते आधीच निघून गेलं, आता दहाला दुसरं कुणाचं तरी येईल. पण मनाचं समाधान होईना. परत चालवलं, परत तूच. मशीन बंद केलं, थांबले, सुरू केलं, परत तूच. तुझं नाव जाईपर्यंत चालवत बसायचं असं मी ठरवलं होतं, म्हणजे लबाडीच करणार होते मी. तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. मग दहाला सगळ्यांसमोर कळ दाबली, आणि..."

तिनं पलंगावरच्या चादरीची सुरकुती तळहातानं सपाट केली.

"मला वाटलं, मी आधी चालवलं म्हणून त्यानं ते नाव धरून ठेवलं. मशीनला काय कळतं, आम्हाला तरी तेव्हा काय कळत होतं. वाटलं, मी हात लावला नसता तर दुसरं कुणाचं तरी आलं असतं. मी तुला वाचवायला गेले आणि मीच तुला पाठवलं. मग तू विचारलंस. नाही कसं म्हणू?"

बायकोनं तिचा हात धरला होता. कधी धरला ते मला दिसलं नाही.

"मला का नाही विचारलंत?" हे मी म्हणालो. माझ्या तोंडून गेलं खरं. तीनदा चालवलं, तीनदा तेच नाव आलं, एवढं एक वाक्य तिनं मला सांगितलं असतं तर मी जागच्या जागी ओळखलं असतं. खारूताईनं तेवढंच तर सांगितलं होतं.

टकटकनं माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्हीच म्हणाला होतात ना भावजी, यादीत कुणी हात घातला असेल. हिनं मला सांगितलं होतं तेव्हा. म्हटलं, ज्यांनी मशीन बनवलं त्यांनाच कळलंय की माझा हात लागला. आता काय विचारायचं?"

खाली कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती लागत नव्हती. मी लॅपटॉपची बॅग उगाच बंद केली, उघडली, परत बंद केली.

"त्यानंतर मी कुणाच्या कामात मधे पडले नाही," टकटक म्हणाली. ती आता बायकोशी बोलत होती. "आपला हात लागला की वाईट होतं, असं मनात बसलं ते बसलंच. हसू नकोस. धाकटी बहीण आजारी होती माझी, पाच महिने. तिनं दोनदा बोलावणं पाठवलं, येऊन राहा म्हणून. मी गेले नाही. म्हटलं, डॉक्टर बघतायत, सगळं नीट चाललंय, आपण जायला आणि बिघडायला नको. ती गेल्यावर गेले."

बायको रडत होती. टकटक रडत नव्हती. ती काहीतरी हिशेब लावत असल्यासारखी समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग तिनं मान वळवली आणि मला विचारलं. मलाच विचारलं, कारण त्या खोलीत ज्याला नक्की माहीत होतं असा मीच होतो.

"म्हणजे मी बहिणीकडे गेले असते तरी चाललं असतं?"

"हो," मी म्हणालो.